देव न मानणाऱ्याने गणपतीच्या पूजेला बसावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,
आमचा गणपती दीड दिवसाचा, राजापूरकडच्या गावी. पूजेला मोठे काका बसायचे. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून यंदा सोवळं माझ्या गळ्यात. मी देव मानत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. काकू म्हणते, "मान नाहीतर नको मानू, पाटावर बस म्हणजे झालं."

बाकी सगळं मला मनापासून आवडतं. माटवीला (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीला) कवंडळं नि तेरडा आणायचा, आरतीला टाळ कुटायचे, मोदकाच्या कळ्यांवरून भांडायचं. मुंबई-पुण्याची भावंडं एरवी एकत्र येतच नाहीत. पण नाव-गोत्र सांगून संकल्प सोडायचा, दूर्वेने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावून प्राणप्रतिष्ठा करायची, तिथे घोडं अडतं. ते मला खोटं वाटतं.

पूर्वमीमांसक (वेदांतल्या कर्मकांडाला महत्त्व देणारे जुने तत्त्वज्ञ) जगाचा कर्ता ईश्वर न मानताही यज्ञाचा आग्रह धरायचे. पण त्यांची वेदांवर तरी श्रद्धा होती, माझी तीही नाही! फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने (१८७३) भटजी वगळून विधी ठेवले, पण तेही निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानायचेच.

तुमच्यापैकी कोणी न मानता पूजेला बसतं का? मंत्र स्वतः म्हणता की भटजींवर सोडता? की चुलत बहिणीला बसवू? तिची श्रद्धा आहे, हौसही आहे. काका मात्र "लेकीबाळी बसत नाहीत" म्हणून अडून बसलेत (तो वाद वेगळाच). मूर्तीसाठी पाट गणपतीच्या शाळेत (मूर्तिकाराच्या कारखान्यात) दिलाय, तेव्हा जरा लवकर सांगा.