शब्दचर्चा : ‘आनंद करा’ – होणे, करणे आणि मानणे

प्रश्न (सदर, नागपूर) : आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एका तरुण सभासदाचे नुकतेच निधन झाले. स्मरणार्थ उपासनेच्या पत्रिकेवर बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रातील ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ (४:४) हे वचन छापावे, असे काहींनी सुचवले. त्यावर, घरात सुतक असताना आनंद करण्याची आज्ञा देणे कोणत्या मराठीत बसते, असा प्रश्न पास्टरेट कमिटीतच (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतच) निघाला. मराठीत आनंद होतो. तो करायचा कसा? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर : महोदय, आपल्या कमिटीने क्रियापदावर बोट ठेवले, हे उत्तम झाले, कारण या वचनाचा अर्थ ‘आनंद’ या नामापेक्षा त्याला जोडलेल्या क्रियापदात अधिक आहे. ‘मला आनंद झाला’ या वाक्यात ‘आनंद’ हा कर्ता असतो आणि ‘मी’ चतुर्थीत बाजूला उभा असतो. निकाल चांगला लागला, पाहुणे आले, पाऊस वेळेवर पडला की आनंद आपला आपण होतो आणि कारण सरले की ओसरतो. ‘मी आनंद करतो’ म्हटले की कर्तेपण माणसाकडे येते. ‘मी आनंद मानतो’ यात आणखी वेगळी छटा आहे: परिस्थिती पाहून, तिचा हिशेब करून मनाने दिलेला तो निर्णय असतो. रोजच्या बोलण्यात आपण ‘मजा करा’ किंवा ‘आनंद साजरा करा’ म्हणतो, नुसते ‘आनंद करा’ क्वचितच म्हणतो, म्हणून हे वचन मंडळीबाहेरच्या कानाला थोडे खटकते. (शिवाय ‘सगळा आनंदीआनंद आहे’ म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.)

मुळातील ग्रीक क्रियापद ‘खाइरेते’ हे आज्ञार्थी आणि अनेकवचनी आहे. त्याच धातूपासून ‘खारा’ म्हणजे आनंद आणि ‘खारिस’ म्हणजे कृपा हे शब्द आले आहेत. ग्रीक माणसे भेटल्यावर एकमेकांना याच क्रियापदाने अभिवादन करीत. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या वचनाचा शेवट या अभिवादनाने होतो आणि दुसऱ्या वचनाच्या सुरुवातीलाच ‘खारा’ या शब्दाचे रूप येते. हा श्लेष मराठीत आणता येत नाही. मात्र त्याच दुसऱ्या वचनात, नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावे लागते तेव्हा ‘आनंदच माना’, असे आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे, आणि माझ्या मते अनुवादकांची ती निवड अचूक आहे. तेथील ग्रीक क्रियापदाचा अर्थ गणणे, लेखणे असाच आहे. परीक्षा आनंददायक असते, असे याकोब म्हणत नाही. परीक्षेने धीर उत्पन्न होतो, हे ठाऊक असल्यामुळे ती आनंदाच्या खात्यात जमा करा, असे तो सांगतो. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने हीच साखळी संकट, धीर, शील आणि आशा अशी पुढे नेली आहे, आणि तिथे ‘संकट’ या अर्थी आलेल्या ‘थ्लिप्सिस’ शब्दाच्या मुळाशी दाबले जाणे, चेपले जाणे हा अर्थ आहे.

आता ‘प्रभूमध्ये’ या शब्दाकडे वळू, कारण वचनाचा सारा भार त्याच्या अधिकरणावर आहे. वेदान्तात ‘सच्चिदानंद’ म्हणताना आनंद हे ब्रह्माचे स्वरूप असते. पौलाच्या वाक्यातील आनंद एका व्यक्तीच्या ठायी आहे आणि त्या व्यक्तीशी असलेल्या नात्यातून मिळतो. परिस्थिती कितीही पालटली तरी त्याचा ठिकाणा पालटत नाही. संदेष्टा हबक्कूक तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी अंजिराला फुले नाहीत, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही आणि गोठ्यात गुरे नाहीत, अशी नासाडीची एकेक नोंद करतो आणि मग ‘तरी’ म्हणून परमेश्वराच्या ठायी हर्ष मानतो. त्या ‘तरी’च्या आधी त्याने एकही नुकसान लपवलेले नाही, हे विसरू नये.

फिलिप्पैकरांस पत्र लिहिताना पौल स्वतः बंदिवासात होता, हे पुष्कळांना ठाऊक असते. ते ज्या गावी पाठवले त्या गावाचे महत्त्व मात्र सहसा कोणी सांगत नाही. फिलिप्पैतच पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या बंदिखान्यात टाकले होते, आणि मध्यरात्री ते स्तोत्रे गात होते व इतर कैदी ऐकत होते, असे प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये नमूद आहे. त्याच रात्री तेथील बंदिशाळेच्या नायकाने कुटुंबासह बाप्तिस्मा घेतला. ज्या मंडळीच्या आरंभीच्या घरांत हे घर होते, तिला ‘आनंद करा’ हे कोरडा उपदेश म्हणून ऐकू आले असेल, असे मला वाटत नाही.

आपल्याकडचाही एक दाखला येथे लागू पडतो. कवी नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत मिळाली ती १८९३ साली, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत, आणि त्यांना पकडून ठेवले ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने. त्या प्रवचनाच्या आरंभी ‘जे शोक करीत आहेत ते धन्य’ असे वचन आहे आणि छळ सोसणाऱ्यांना ‘आनंद करा, उल्लास करा’ असेही सांगितले आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी पत्नी व मूल यांच्यापासून काही काळ ताटातूट सोसली. ‘धन्य’ हा शब्द तेथे हसतमुख या अर्थी नाही, हे त्यांच्या घराने अनुभवले.

आमच्या ओळखीच्या एक वृद्ध बाई गुडघ्यांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. प्रकृती विचारली की त्या म्हणत, ‘दुखून तं राह्यलं बाप्पा, पण आनंद आहे.’ ‘होणे’, ‘करणे’ आणि ‘मानणे’ यांच्या पलीकडचे चौथे क्रियापद त्यांनी वापरले, आणि ‘दुखून राह्यलं’ हे अर्धे वाक्य गाळले नाही.

शंका (धंतोली, नागपूर) : व्याकरण पटले, ताई. परंतु व्यवहारात हेच वचन दुःखी माणसाचे तोंड बंद करण्यासाठी वापरले जाते. रडणाऱ्याला ‘विश्वास कमी पडतो’ असे ऐकवणारे प्रत्येक मंडळीत भेटतात. त्याचे काय?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्याच शास्त्रात आहे. मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’ असे तो बोलला. रोमकरांस १२:१५ मध्ये आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करण्याच्या आज्ञेला जोडूनच शोक करणाऱ्यांबरोबर शोक करण्याची आज्ञा आहे, तेव्हा शोकाला अविश्वास ठरवणारा माणूस अर्धीच आज्ञा पाळतो. पंडिता रमाबाईंनी १९२१ साली आपली एकुलती एक मुलगी मनोरमा गमावली. तरीही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेले बायबलचे भाषांतर त्यांनी एप्रिल १९२२ मधील स्वतःच्या मृत्यूपूर्वी हातावेगळे केले. त्यांच्या शोकाला विश्वासाची उणीव म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. शिवाय ‘आनंद करा’ हे अनेकवचन आहे. ज्याला आज गाता येत नाही, त्याच्या वतीने शेजारच्या बाकावरचा गातो, आणि उपासनेसाठी एकत्र येण्याचा अर्थ बराचसा हाच आहे.

पत्रिकेपुरते बोलायचे तर फिलिप्पैकरांस ४:४ हे वचन घरच्यांनी स्वतः निवडले तरच छापावे. कमिटीने ते त्यांच्यासाठी निवडू नये. कमिटीलाच निवड करायची असेल तर योहान १६:२२ घ्यावे. त्यात शिष्यांना आता दुःख आहे, हे येशू आधी मान्य करतो, आनंदाचे क्रियापद भविष्यकाळी ठेवतो आणि तो आनंद कोणीही हिरावून घेणार नाही, असे सांगतो. छापखान्यात मजकूर देताना मात्र वचन पूर्ण द्यावे. जागा वाचवण्यासाठी बहुतेक वेळा पहिला, दुःखाचा भागच कापला जातो.