मदत हवी आहे: होडीवर वारा मोजायला कोणतं यंत्र घ्यावं?
नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहतो, मामांची शिडाची छोटी होडी हर्णैला असते. गेल्या मे महिन्यात वारा अचानक फिरला. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात शिडाचा दोर. वारा मोजायचं मीटर खिशातच राहिलं. चिंब भिजलेले मामा अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. खाऱ्या हवेने त्या मीटरचा इवलासा पंखाही आता अडखळतो. डोलकाठीवर बसणारं, फिरता भाग नसलेलं अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी वारा मोजणारं) यंत्र घ्यावं का? १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर दिवसभर निघेल? हवेचा दाब मोजणारं बॅरोमीटर तर हवंच. पुण्यात काटा ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, किनाऱ्यावर हजाराच्या वर. मग ते तिथेच जुळवायचं ना? स्वतः वापरलेल्यांनी कृपया सांगा.