हुरड्याच्या सहलीला बहुविकलांग मुलाला नेण्याबाबत सल्ला हवा आहे

शेवंती: आमच्या सोसायटीची हुरड्याची सहल जानेवारीत एका शेतावर जाणार असून, या वर्षी आमच्या सोळा वर्षांच्या मुलालाही न्यावे असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तो बोलत नाही, आधाराशिवाय बसू शकत नाही, अधूनमधून झटके येतात आणि सर्व अन्न मऊ वाटून भरवावे लागते. मागच्या एका सहलीत सर्वांनी त्याची आपुलकीने विचारपूस केली, परंतु मंडळी शेतात आणि हा दिवसभर पडवीत, असेच झाले. ढेकळांतून व्हीलचेअर कशी न्यावी, डायपर कुठे बदलावा आणि मुख्य म्हणजे त्याला तिथे करण्याजोगे काय असेल, याबद्दल अनुभवी पालकांनी कृपया लिहावे.

गोधडी: माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि तिच्यासह आम्ही तीनदा हुरड्याला गेलो आहोत. आधी एकदा शेत पाहून या. मालक फोनवर ‘काही अडचण नाही’ असेच सांगतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर काठी टेकत येणारे आजोबा असतात. मऊ मातीत पुढची लहान चाके रुततात, म्हणून खुर्ची मागे कलती करून मोठ्या चाकांवर घ्यावी किंवा पाठमोरी ओढावी. आम्ही प्लायवूडचे दोन तुकडे नेतो आणि मागचा उचलून पुढे टाकत आगटीपर्यंत, म्हणजे हुरडा भाजायच्या विस्तवापर्यंत, वाट करतो. मुलांना हे काम फार आवडते.

आगटीपाशी आधी वाऱ्याची दिशा पाहून, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला त्याला बसवा. भाजलेले कणीस थोडे निवले, की ते त्याच्या तळव्यात देऊन वरून आपला हात ठेवून चोळा. माझ्या मुलीच्या मुठीतून पहिले हिरवे दाणे सुपात पडले, तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी चिवडले आणि नंतर कोणी सूप उचलू लागले की ती ओरडत असे. हे दाणे मात्र त्याच्या तोंडात जाता कामा नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात, तेव्हा ‘एवढासा दाणा चालेल हो’ म्हणणाऱ्या प्रेमळ काकूंना आधीच सांगून ठेवा. त्याला सवयीचे असल्यास गूळ विरघळवलेले घट्ट दही द्या. उसाचा रस मऊ वाटला, तरी पातळ पदार्थ गिळणे अशा मुलांना अनेकदा अधिक अवघड जाते.

डायपरसाठी घडीची खाट, दोन चादरी आणि दोरी न्या. शेतावरचे शौचालय या कामी येत नाही. उचलायला दोघे ठरलेले असावेत आणि त्यांनी घरी सराव केलेला असावा. ऐनवेळी चौघे धावून आले की मूल घाबरते.

टेम्सकाठ: गोधडीताईंची खाट वाचून राहवले नाही. इकडे ब्रिटनमध्ये ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची स्वच्छतागृहे असतात, ज्यांत प्रौढ व्यक्तीला आडवे करता येईल असा खाली-वर होणारा बाक आणि उचलण्याची यंत्रणा असते. इंग्लंडमध्ये २०२१ पासून काही प्रकारच्या मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींत ती बंधनकारक झाली आहेत. आम्हीही कुठे जायचे ते आधी या जागा पाहूनच ठरवतो.

आडवाट: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीत समान सहभाग मिळावा यासाठी उपाय करणे शासनावर बंधनकारक आहे, पण शेतमालकासमोर कलम वाचण्यापेक्षा त्याच्याकडे फळी मागणे बरे. पायरीवर फळी टाकून केलेल्या उताराचे प्रमाण (उंची : लांबी) १:१२ धरावे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबी लागते. झटका आल्यास त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत न थांबल्यास डॉक्टरांनी लिहून दिलेले तातडीचे औषध देऊन १०८ ला फोन करावा. कांदा हुंगवायला धावणाऱ्यांना प्रेमाने दूर ठेवावे.

शेवंती: सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल शेत पाहून आलो. पडवीला दोन पायऱ्या मिळून ३० सेंटिमीटर उंची आहे, म्हणजे ३.६ मीटर उतार हवा, आणि मालकांकडची फळी जेमतेम अडीच मीटरची आहे. तेव्हा पडवीचा नादच सोडून त्याची बैठक आगटीजवळच्या बाभळीखाली करायची ठरवली आहे. खाटही तिथेच मागे लावू. प्लायवूडचे तुकडे किती जाडीचे न्यावेत, एवढे गोधडीताईंनी सांगावे.

गोधडी: १८ मिलिमीटर. १२ चे आमचे पहिल्याच वर्षी वाकले.