प्रति: मराठीत नाहीतच?

'समलिंगी प्रेमकथा वाचायच्या तर इंग्रजीतच, मराठीत त्या नाहीतच' असं वर म्हटलंय. सुखान्त रोमान्सपुरतं मान्य. माझाही हा महिना तशाच इंग्रजी कादंबऱ्यांत गेला. शेवटी दोघं एकत्र राहणार हे आधीच ठाऊक असतं, आणि मला नेमका तोच दिलासा हवा असतो. पण 'नाहीतच' हे पटत नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्येच रंगमंचावर आलं, तेही एका मुलीच्या मुलीवरच्या प्रेमाचं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ची. जेरी पिंटोंचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये, म्हणजे मराठी वाचकाला ती सात वर्षं आधी मिळाली.

तीच मी या महिन्यात इथे बडोद्यात आईला वाचायला दिली. भाऊ-बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात; आधी तनय बोलतो, मग अनुजा. तनयचा भाग संपल्यावर आईने चष्मा काढून बाजूला ठेवला नि म्हणाली, "त्या पोरीसाठी सगळं घर हवालदिल, आणि या पोराला काय झालंय हे कोणी विचारतच नाही रे?" मला त्या पुस्तकाबद्दल इतकं नेमकं कधी बोलता आलं नव्हतं. आता तिला सुखाने संपणारी हवी आहे. तिला झेपेल अशा सोप्या इंग्रजीतली कुठली असेल तर जरूर सांगा.