12 कोंबड्यांना स्वस्तात पोषक खाद्य कसं द्यावं? (नागपूर)

परसातली_अंडी:
गिरीराज (सुधारित जात) आणि गावठी मिळून 12 कोंबड्या, सोबत एक कोंबडा. सध्या तांदळाची कणी आणि घरातलं उरलंसुरलं देतो. अंडी कमी झालीत, कवच पातळ येतंय. लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) महाग पडतो, म्हणून त्यात निम्मी कणी मिसळू का? गावावरून सोयाबीन येतं, ते भरडून दिलं तर?

भरडा_गिरणी:
निम्मी कणी नको. मॅशमध्ये प्रथिनं 16-17 टक्के, कणीत 8 च्या आसपास. मिश्रण साडेबारावर येतं, कॅल्शियमही निम्मं होतं. पैसे मॅशचे जातील, अंडी कणीचीच मिळतील.

घरी 10 किलो बनवा: मक्याचा भरडा साडेपाच किलो, कणी 1, तांदळाचा कोंडा 1, सोयाबीनची ढेप (तेल काढलेली, डीओसी) 2.3 किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम-फॉस्फरसची पूड) 150 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम, प्रिमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण) पाकिटावरच्या मापाने. प्रथिनं 17 टक्क्यांच्या जवळपास जातात. मीठ, डीसीपी आणि प्रिमिक्स आधी कोंड्यात नीट कालवा, मग बाकीच्यात. नाहीतर एकीच्या वाट्याला मीठच मीठ. भरडा पिठासारखा बारीक नको, चोचीला चिकटतो. रोज कोंबडीमागे 100 ते 120 ग्रॅम, मोकळी फिरत असेल तर थोडं कमी.

मका महागला तर कणी वाढवा. ढेपेत मात्र हात आखडू नका.

ढेपवाले_भाऊ:
कच्चं सोयाबीन अजिबात नको. त्यातला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो, म्हणजे खाऊनही उपाशी. भिजवून अर्धा तास उकळा, वाळवा, मग भरडा. सरकीची ढेप स्वस्त दिसते, पण तिच्यातल्या गॉसिपॉल या घटकाने बलक हिरवट-तपकिरी होतो. जवसाची ढेपही टाळा. शेंगदाण्याची घ्यायचीच तर बुरशीचा वास तपासून. बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन, यकृत खराब करतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरताच माल आणा, पोतं फळीवर ठेवा. कोंडा जुना झाला की खवट होतो.

आणि उरलेली तर्री, फरसाण कोंबड्यांना टाकू नका. मीठ फार.

परसातली_अंडी:
मग कवचासाठी चुना खाद्यातच मिसळायचा का?

भरडा_गिरणी:
नाही, शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता खाते, कोंबड्याला तेवढा लागत नाही. पिल्लांना तर जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडाचा त्रास होतो, म्हणून लेअर मॅशही त्यांना देत नाहीत. चुरा जाडसर घ्या, 2 ते 4 मिमी. तो पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्री कवच बनताना कामी येतो. पूड लवकर निघून जाते.

ढेपवाले_भाऊ:
मे महिन्यात कवच पातळ झालं तर दोष खाद्याचाच असेल असं नाही. 45 अंशांत कोंबडी धापा टाकते, खाते कमी आणि कवचाला लागणारा कार्बोनेटही कमी पडतो. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, गार पाणी सावलीत, दिवसातून दोन-तीनदा बदलून.