जपानी मुळातच हुशार, की त्यांनी शाळा आधी काढल्या?

घाटमाथा: ‘जपान-कोरिया पुढे गेले कारण तिथली माणसं जात्याच बुद्धिमान, आपण आरक्षणापायी गुणवत्ता मारली’ हे हल्ली फार ऐकतो. मला हे साफ चुकीचं वाटतं. १८७२ साली जपानने शिक्षणाचा हुकूम काढला, त्यात गावात एकही निरक्षर घर आणि घरात एकही निरक्षर माणूस राहू नये असं लिहिलं होतं. आपल्याकडे गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं १९११ साली, आणि पुढच्याच वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पाडलं गेलं. सरकारी सदस्यांसोबत आपलेही काही जमीनदार विरोधात होते. सयाजीरावांनी बडोद्यात १९०६ ला आणि शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ ला हे केलं, पण बाकी देशाचं काय? ज्यांना पाटीच मिळाली नाही त्यांची बुद्धी मोजणार कशी?

रेवती_के: असहमत. शाळा पुरत असती तर केरळात कारखाने दिसले असते. साक्षरता देशात अगदी वरची, आणि तरुण पोटासाठी आखातात. शिकायची ओढ घरातून यावी लागते. कोरियात कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा पेपर सुरू असताना विमानांची उड्डाणं थांबवतात. ही संस्कृती आहे, हुकमाने येत नाही.

घाटमाथा: मग उत्तर कोरियाचं काय? भाषा तीच, पूर्वज तेच, प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसचा वारसाही तोच. १९९० च्या दशकात तिथे लाखो माणसं भुकेने मेली.

रेवती_के: तिथेही सगळे साक्षरच होते! म्हणजे तुमचा शाळेचा मुद्दाही तिथेच पडतो.

जुना_मास्तर: हा रेवतीताईंचा मुद्दा रास्त आहे. राजवट वाईट असेल तर शाळा एकटी काही करू शकत नाही. पण संस्कृतीबद्दल एक सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने चीनमध्ये भांडवलशाही न रुजण्याचं एक कारण म्हणून कन्फ्यूशियसच्या विचारांकडेच बोट दाखवलं होतं. पुढे पूर्व आशिया श्रीमंत झाला आणि यशाचं श्रेय त्याच विचारांना मिळालं. निकाल लागल्यावर शोधलेलं कारण आहे हे. बुद्ध्यंकाचंही तसंच: गेल्या शतकात अनेक देशांत तो दर दशकाला साधारण तीन गुणांनी वाढला. इतक्या थोड्या काळात रक्त बदलत नाही.

रेवती_के: सरासरी वाढली, मान्य. पण पूल बांधणारा इंजिनिअर निवडताना सरासरी काय कामाची? तिथे सर्वोत्तमच हवा. सिंगापूरने हुशार मुलं हेरून, शिष्यवृत्त्या देऊन प्रशासनात आणली.

घाटमाथा: हेरायला आधी सगळी मुलं वर्गात असावी लागतात. आणि आरक्षणाने उद्योग बुडतात म्हणणाऱ्यांनी तमिळनाडू बघावं. तिथे कित्येक वर्षं ६९ टक्के आरक्षण आहे, आणि कारखान्यांची संख्या देशात सर्वाधिक असलेलं राज्यही तेच. तिथले इंजिनिअरही त्याच कॉलेजांतून आलेत. याचं उत्तर तुमच्याकडून हवंय.