वायफायवर १४ डिव्हाइस: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-३०४: नमस्कार मंडळी 🙏 ब्रॉडबँडच्या अ‍ॅपमध्ये आमच्या वायफायवर १४ डिव्हाइस दिसतायत. घरात माणसं चार. कोणी फुकटात वापरतंय का, हे कसं कळणार?

ए-७०१: वायफायचं नाव लपवून टाका, हाइड एसएसआयडी. दिसलंच नाही तर वापरणार कोण?

बी-५०२: थांबा, आधी मोजणी करू. माणसं चार म्हणजे डिव्हाइस चार असं नसतं, वहिनी. चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, टीव्हीमागची स्टिक, प्रिंटर, दाराचा कॅमेरा, गीझरचा स्मार्ट प्लग, बोलणारा स्पीकर. इथेच १२ झाले. शिवाय अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा डीएचसीपीची यादी दिसते. म्हणजे राउटरने कोणाकोणाला पत्ता दिला त्याची यादी. पाहुणे दुपारी निघून गेले तरी त्यांचा फोन त्यात राहतो, बऱ्याच राउटरवर २४ तासांपर्यंत. आत्ता कोण जोडलेलं आहे ते बघायचं तर राउटरच्या पानावर वायरलेस क्लायंट किंवा स्टेशन लिस्ट शोधा.

सी-१०१: आणि एकच फोन दोनदा दिसू शकतो. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा बनावट मॅक पत्ता (डिव्हाइसचा ओळख क्रमांक) वापरतो. तुमच्याकडे राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडची नावं वेगळी असतील तर एका फोनच्या दोन नोंदी होतात. ओळखायची खूण अशी: मॅक पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट पत्ता. म्हणजे जवळपास नक्की फोन, टॅब किंवा लॅपटॉप. ‘एस्प्रेसिफ’ किंवा ‘तुया’ अशी नावं दिसली तर घाबरू नका, ते स्मार्ट प्लग आणि बल्ब असतात.

ए-३०४: आणि तरी न ओळखता येणारे उरले तर?

बी-५०२: एकेकाला ब्लॉक करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. घरातलं असेल तर आतल्या खोलीतून आरडाओरडा होतोच. कोणी ओरडलं नाही तर तो बहुतेक बाहेरचा. पण बाहेरच्याला ब्लॉक करून विषय संपत नाही. पासवर्ड त्याच्याकडे आहे, पत्ता बदलून तो परत येईल.

ए-७०१: म्हणूनच म्हणतो, नाव लपवा. आणि मॅक फिल्टर लावा, म्हणजे यादीतल्या पत्त्यांनाच प्रवेश.

सी-१०१: दोन्हीचा उपयोग नाही सर. नाव लपवलं की राउटर ओरडायचा थांबतो आणि तुमचा फोन जिथे जाल तिथे ‘अमुक नावाचं वायफाय आहे का’ असं विचारत फिरतो. नाव हवेतच असतं, फुकटचं अ‍ॅनलायझर ते काही मिनिटांत दाखवतं. मॅक पत्ताही तसाच. डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे वायफायच्या नेहमीच्या कुलपात, मजकूर झाकलेला असतो, पत्ता उघडाच जातो, तो बघून कॉपी करता येतो. त्यात वर सांगितलेल्या बनावट पत्त्यांमुळे मॅक फिल्टर सगळ्यात आधी घरच्याच फोनला बाहेर काढतो.

बी-५०२: बरोबर. सोसायटीत हॅकर फार कमी, वाटलेले पासवर्ड फार जास्त. आधीचे भाडेकरू, फायबर लावायला आलेला मुलगा, शिकवणीला येणारी पोरं, समोरच्या घरात एकदा ‘दोन मिनिटांसाठी’ दिलेला. शिवाय अँड्रॉइडमध्ये वायफायचा क्यूआर निघतो. त्या क्यूआरमध्ये पासवर्ड साध्या अक्षरांत असतो, कसलंही कुलूप नाही. त्याचा फोटो पुढे गेला की पासवर्ड गेला. आणखी एक वाट म्हणजे फुकट वायफाय शोधून देणारी अ‍ॅप. पाहुण्याने अशा अ‍ॅपमध्ये तुमचा पासवर्ड शेअर केला तर तो रस्त्यावरच्या कोणालाही दिसतो.

बी-२०३: मग नेमकं काय काय करायचं ते क्रमाने सांगा ना काका. आम्हालाही हवंय.

बी-५०२: सांगतो. फोन वायफायवर ठेवा, मोबाईल डेटा बंद करा. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘गेटवे’ म्हणून जो आकडा दिसतो तो ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाका, गूगलच्या खोक्यात नाही. बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओचा १९२.१६८.२९.१. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतात. अनेक जुन्या डब्यांवर नावही ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. *हा लॉगिन पासवर्ड पहिला बदला.* वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, लोक इथेच चुकतात. हा तसाच राहिला तर वायफायवर आलेला कोणीही नवा पासवर्ड आतून वाचू शकतो.

मग वायरलेस सिक्युरिटी. डब्ल्यूपीए२-पीएसके (म्हणजे पासवर्डवालं) आणि त्यात मजकूर झाकायची पद्धत एईएस. यादीत टीकेआयपी असेल तर नको. तो जुना आणि कच्चा आहेच, शिवाय तो निवडला की वायफाय ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही. ‘२०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, स्पीड मिळत नाही’ या तक्रारीचं मूळ कधीकधी इथे असतं. डब्ल्यूईपी हे त्याहून जुनं कुलूप दिसलं तर तो डबाच बदला, ते २००१ मध्येच मोडलेलं आहे.

सी-१०१: नव्या राउटरवर डब्ल्यूपीए३ असतं, २०१८ पासून आलंय. घरात सगळं नवं असेल तर तेच लावा. जुना प्रिंटर आणि स्वस्त प्लग त्यावर येत नाहीत, तेव्हा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. आणि ‘पीएमएफ’ (जोडणीचे संदेश सुरक्षित ठेवणारी) नावाची सेटिंग असेल तर ‘रिक्वायर्ड’ नको, ‘केपेबल’ ठेवा. नाहीतर अर्धं घर ऑफलाइन.

ए-७०१: पासवर्डला मोबाईल नंबर चालतो ना? लक्षात राहतो.

बी-५०२: नाही चालत, आणि का ते आकड्यात सांगतो. फोन वायफायला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती जिन्यात बसून टिपता येते. मग घरी जाऊन निवांत एकेक पासवर्ड लावून बघायचा, तुमच्या राउटरला पत्ताच नाही. आपले मोबाईल नंबर १० आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण ४०० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ५ लाख तरी लावून बघतं. ४०० कोटी सव्वादोन तासांत संपले. फ्लॅट नंबर, आडनाव, मुलाचं नाव आणि जन्मसाल यांना तर तेवढाही वेळ लागत नाही.

सी-१०१: डब्ल्यूपीए३ मध्ये असं घरी नेऊन बघता येत नाही, प्रत्येक अंदाजाला राउटरशी बोलावं लागतं. म्हणून ते बरं.

बी-२०३: मग कसा असावा?

बी-५०२: ८ ते ६३ अक्षरं चालतात. १६ च्या वर ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत आणि मधे एक आकडा. शेवगा-टपाल-४७-उंबरठा-चिमटा असं काहीतरी. (हाच ठेवू नका, ग्रुपवर आलाय.) देवनागरीत टाकू नका, बरेच राउटर घेत नाहीत. वायफायच्या नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको, आणि कंपनीचं मूळ नावही नको. पासवर्डची किल्ली तयार होताना त्यात वायफायचं नाव मिसळलं जातं, आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या नावांसाठी आधीच काढून ठेवलेले तक्ते मिळतात.

आता डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिन किंवा बटणाने जोडायची सोय. *बंद.* हा ८ आकडी पिन असतो. ऐकायला १० कोटी शक्यता, पण शेवटचा आकडा नुसता तपासणीचा, आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. पहिल्या चार आकड्यांच्या १०,००० आणि उरलेल्या तिघांच्या १,००० शक्यता, मिळून ११,००० प्रयत्न. हे २०११ मध्ये उघड झालं. एवढं झालं की ४० अक्षरी पासवर्डही पाण्यात, कारण पिन मिळाला की राउटर पासवर्ड स्वतःहून देतो. नंतरच्या राउटरवर काही चुकांनंतर कुलूप पडतं, तरी चालू ठेवायचं कारण काय? डब्याच्या मागचं बटण तर आणखी सोपं. कोणी दाबलं की दोन मिनिटं दार उघडं.

सी-१०१: काका, यात एक राहिलं, आणि आपल्या बिल्डिंगमध्ये ते घरोघरी असणार. फायबरवाल्याच्या डब्यात, म्हणजे ओएनटीमध्ये, स्वतःचं वायफाय असतं. लोक वर स्वतःचा चांगला राउटर लावतात आणि सगळी मेहनत त्यावर करतात. ओएनटीचं वायफाय मात्र स्टिकरवरच्या पासवर्डने चालूच राहतं, आणि तो स्टिकर लावणाऱ्या माणसाने फोटो काढून नेलेला असतो. ओएनटीच्या पानावर जाऊन त्याचा वायरलेस बंद करा, २.४ आणि ५ दोन्ही. फोनमध्ये वायफायची यादी उघडा आणि ओएनटीला टेकून उभे राहा. फुल्ल रेंजचं एखादं अनोळखी नाव दिसलं तर ते तुमचंच आहे.

ए-३०४: अरे बापरे, दिसतंय! टीव्हीच्या कपाटातून येतंय.

बी-५०२: मग तुमचे काही अनोळखी पाहुणे तिथेच असतील. आणि रेंज एक्स्टेंडर असेल तर तोही तपासा. त्याचं नाव वेगळं, लॉगिनचं पान वेगळं, डब्ल्यूपीएसचं बटण वेगळं.

ए-७०१: एवढं करण्यापेक्षा मागच्या भोकात पिन घालून रीसेट मारलं तर? सगळे एकदम बाहेर.

सी-१०१: सर नका! निदान कंपनीच्या ओएनटीवर तरी नका. दहा सेकंद पिन दाबली की वायफायबरोबर कंपनीचं नेट सुरू करायला लागणारं पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा नंबरही पुसला जातो. काही कंपन्यांचा डबा ते सर्व्हरवरून परत ओढतो, काहींचा नाही. मग पॉनचा (फायबरचा) दिवा हिरवा, वायफाय फुल्ल आणि नेट शून्य. माणूस येईपर्यंत बसा. आणि रीसेटने बाहेर कोणी जात नाही, वायफाय परत स्टिकरच्या पासवर्डवर येतं.

बी-२०३: कामवाल्या मावशी, पाहुणे यांना नाही कसं म्हणायचं? वाईट दिसतं.

बी-५०२: नाही म्हणूच नका. गेस्ट नेटवर्क चालू करा. वेगळं नाव, वेगळा सोपा पासवर्ड, आणि ‘लोकल नेटवर्कला प्रवेश’ बंद. त्यांना इंटरनेट मिळतं, पण तुमचा प्रिंटर, कॅमेरा, लॅपटॉप दिसत नाही. जमलं तर स्पीडची मर्यादा घाला, २० एमबीपीएस पुष्कळ. गेस्टचा पासवर्ड दर सणाला बदला हवं तर, घरातल्या कशालाच धक्का लागत नाही. मुख्य पासवर्ड दर महिन्याला बदलायची गरज नाही. भाडेकरू बदलले, फोन हरवला, कोणाशी वाजलं, तेव्हा बदला.

सेक्रेटरी: एक विचारतो. कोणी दुसऱ्याचं वायफाय वापरताना सापडलं तर सोसायटी काय करू शकते?

सी-१०१: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं. अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी अडचण उलटी असते. तुमच्या कनेक्शनवरून दुसऱ्याने काही केलं तर पोलीस आधी तुमच्या दारात. जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटं आधी गेलेला मेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाच्या मागे चौकशी लागली. त्यामुळे बिल्डिंगमध्ये चोर शोधत बसण्यापेक्षा प्रत्येकाने आपलं दार लावलेलं बरं.

सेक्रेटरी: ठीक. गेटवरच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि क्लब हाउसचं वायफाय एकाच राउटरवर आहे. चालेल?

बी-५०२: नाही चालणार. क्लब हाउसचा पासवर्ड नोटीस बोर्डावर लावलाय, म्हणजे डीव्हीआरचं लॉगिनचं पान वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक पोराला उघडतं. क्लब हाउस गेस्ट नेटवर्कवर टाका, डीव्हीआर वायरवरच राहू दे. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदलून घ्या. राउटरमधलं यूपीएनपी (डिव्हाइसच्या सांगण्यावरून बाहेरचं दार आपोआप उघडणारं) आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून राउटरच्या सेटिंग बदलणं) दोन्ही बंद. कॅमेरेवाल्याने बाहेरून बघता यावं म्हणून पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे इंटरनेटवरून डीव्हीआरपर्यंत थेट वाट काढली असेल तर ते काढायला लावा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने अशाच मूळ पासवर्डवर ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते.

सेक्रेटरी: रविवारी कॅमेरेवाल्याला बोलावतो. दहाला याल का दोघं?

सी-१०१: येतो.

बी-५०२: साडेदहा करा.

ए-३०४: काका, सगळं केलं. ओएनटीचं वायफाय बंद, पासवर्ड नवा, डब्ल्यूपीएस बंद. आता ९ दिसतायत आणि नऊही ओळखीचे. पण गीझरचा प्लग आणि दोन बल्ब जोडले जात नाहीत.

ए-७०१: गेस्टला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. सगळं आपोआप जोडलं जाईल.

सी-१०१: सर, त्यात चोरही आपोआप जोडला जाईल 😄 ताई, हे प्लग-बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरमध्ये ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ (दोन्ही बँडना एकच नाव देणारी सेटिंग) चालू असेल तर जोडणी होईपर्यंत बंद करा, आणि फोनही २.४ वरच आणा. प्लगचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, दिवा भरभर लुकलुकायला लागला की सोडा, मग अ‍ॅपमधून नव्याने जोडा. बल्बला बटण नसतं, तो भिंतीवरच्या स्विचने लागोपाठ बंद-चालू करायचा. बहुतेकांना तीन ते पाच वेळा लागतं, किती ते खोक्यावर लिहिलेलं असतं. हे गेस्टवर टाकलेत तर उत्तम, पण आधी एक जोडून बघा. काही अ‍ॅपना फोन आणि प्लग एकाच नेटवर्कवर लागतात.

ए-३०४: प्लग झाला! बल्ब आता संध्याकाळी, शिडी आणावी लागेल.